कुरळ्या केसांचे न्हाणे : रिठा, जवस आणि बोअरचे पाणी

कुरळ्या केसांना आपल्याकडे उगाच बदनाम केले आहे. शाळेत मुलीला 'झिपरी' म्हणून चिडवतात आणि घरी आई कंगवा ओढून ओढून तिला रडवते. दोष केसांचा नसतो, ते धुण्याच्या रीतीचा असतो.

सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. टाळूत तयार होणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्याच्या वळणांत ते अडते. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी राहतात. त्यात वैरागसारख्या कोरडवाहू भागात बोअरचे पाणी अनेकदा जड असते. अंगाच्या साबणाचा अशा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग झाला की पांढरा चिकट साका बनतो आणि तो केसावर बसतो. शिवाय साबणाचा सामू 9 ते 10 असतो. एवढ्या अल्काने केसावरचे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो.

हाच गुंता महिनोन्महिने न सोडवता राहिला, त्यात तेल आणि धूळ बसली, की त्याची जट होते. मग कुणीतरी म्हणते, देवीचे बोलावणे आले. आपल्या लेकीबाळींना या एका समजुतीने किती छळले, ते वाचकांना सांगायला नको. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अनेक स्त्रियांच्या जटा कापून त्यांच्या मानेवरचे ओझे उतरवले आहे. जट कापावी लागते, गुंता मात्र धुऊन सुटतो.

घरी करता येईल असे मिश्रण सांगतो. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली दोन कप पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळा. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. पण नुसता रिठा केस रुक्ष करतो, म्हणून जवस हवा. चटणीचाच जवस, दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटे उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा, गार झाल्यावर गाळले जात नाही. दोन्ही समप्रमाणात मिसळा. थोडे जवसाचे पाणी वेगळे ठेवा. धुतल्यावर ते ओल्या केसांना लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरा, मग साध्या पाण्याने धुवा. कुरळे केस कोरडे असताना विंचरूच नयेत.

आता पारख. आधी पाण्याची : दोन बाटल्यांत बोअरचे आणि पावसाचे पाणी घेऊन साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. जिथे फेस कमी आणि पांढऱ्या गुठळ्या जास्त, ते पाणी जड. मिश्रणाचा सामू शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कागदी पट्टीवर पाहता येतो. 5 च्या आसपास असावा. मग थेंबभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. हे सारे जमल्यावर अर्धे डोके नेहमीच्या साबणाने आणि अर्धे मिश्रणाने, असे चार न्हाण्यांपर्यंत धुवा. दर वेळी दोन्हीकडे कंगव्यात आलेले केस मोजून वहीत लिहा. तेल, पाणी, कंगवा काहीही मध्ये बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. डोळे घट्ट मिटून ठेवा, रिठा फार झोंबतो.

मिश्रण एका न्हाण्यापुरतेच करावे, दोन-तीन दिवसांत ते आंबते. बचत गटाच्या भगिनी बाटल्या भरून विकायचे म्हणत असतील तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे परवाना लागतो. चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात करावी.