कामाला निघालेला घोडा

माझ्या पहिल्या रँच रायडिंग स्पर्धेत मला 64 गुण मिळाले. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर ती खूश. 64 म्हणजे फर्स्ट क्लास की! तिला कसं सांगू, की इथे टेक्सासात 64 म्हणजे शेवटून दुसरी. या खेळात हिशेब 70 पासून सुरू होतो. नेमून दिलेला पॅटर्न एकेकट्यानं करून दाखवायचा. त्यात चाल, ट्रॉट (आपली दुडकी) आणि लोप (संथ दौड) या तिन्ही गती, त्यातल्या ट्रॉट आणि लोपचे लांब ढांगांचे प्रकार, थांबणं, मागे सरकणं, शिवाय वळणं, आडवं सरकणं, ओंडके ओलांडणं असं काहीबाही. प्रत्येक कृतीला उणे दीडपासून अधिक दीडपर्यंत गुण, आणि चुकांचे वेगळे कापले जातात. मी 70 वरून खाली उतरत 64 ला पोचले होते. त्याला आता चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत मी आणि माझा घोडा जे शिकलो, ते हे.

1. घोडा देखणा नको, निघालेला हवा.

माझा घोडा क्वार्टर जातीचा. घेतला तेव्हा नऊ वर्षांचा, खस्सी, रंगानं तांबूस, म्हणून नाव गुळ्या. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे अस्सल पंचकल्याणी. मी काय केलं, तर सहा महिने त्याला हळू जायला शिकवलं. मान खाली, पावलं आखूड, लोप असा की शेजारून माणूस चालत जाईल. वेस्टर्न प्लेझर नावाच्या दुसऱ्याच स्पर्धेचे व्हिडिओ बघून मला तेच सौंदर्य वाटत होतं. गुणपत्रकावर दोन ठिकाणी एकच शेरा होता: फार हळू. प्रत्येक वेळी एक गुण गेला. शिवाय लोप मध्येच मोडला, त्याचे तीन.

माझी कोच सत्तरीची आहे, जन्म रँचवरच गेलेला. रिंगणातून बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘‘कुठे निघाली होतीस?’’ मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं समजावलं. ही स्पर्धा रिंगणात होत असली तरी परीक्षकाला दिसायला हवा तो माळावर कामाला निघालेला घोडा. दुपारपर्यंत दहा मैल तुडवायचे आहेत, गुरं पलीकडच्या टोकाला आहेत, हे त्याच्या चालीत दिसलं पाहिजे. धावायचं नाही, पण रेंगाळायचंही नाही.

2. म्हणून त्याला खरंच काम द्या.

आमच्या भागात, डॅलसच्या उत्तरेला, घोड्यांचे फार्म ओळीनं लागलेले आहेत. कोचच्या ओळखीनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुरणाचं कुंपण दर शनिवारी तपासायचं काम मी अंगावर घेतलं. पैसे नाहीत, कधीमधी अंडी मिळतात. तार कुठे तुटली, खांब कुठे कलला, पाण्याच्या टाकीत बेडूक मेलाय का, हे बघत फिरायचं. पहिल्या दोन शनिवारी गुळ्या प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीला बिचकला. तिसऱ्या शनिवारी त्याचे कान पुढे आले आणि तो स्वतःहून पाय उचलायला लागला. रिंगणात सहा महिने टाचा मारून जे झालं नव्हतं ते झालं.

लांब ट्रॉटही तिथेच जमला. सुरुवातीला मी ‘लांब’ म्हणजे ‘जोरात’ समजत होते. मी घाई केली की तोही घाई करायचा, शिवणयंत्रासारखा टकटकटक. खरी गंमत अशी, की ताल तोच ठेवायचा आणि ढांग वाढवायची. मी कुंपणाचे दोन खांब ठरवले आणि त्यांच्यामध्ये पावलं मोजायला लागले. आधी 26 पडायची. महिन्याभरात 22 वर आली आणि ताल बदलला नाही, तेव्हा कोच पहिल्यांदा ‘‘हं’’ म्हणाली. तिच्याकडून एवढंही खूप. या ट्रॉटमध्ये स्वारानं रिकिबीवर उठबस केली तरी चालते, खोगिराच्या मुठीला हात लावला तरी चालतो. कामाच्या माणसाला जे सोयीचं ते चालतं, हा या खेळाचा मोठेपणा.

3. ब्रेक हातात नसतो.

लांब लोपमधून साध्या लोपवर येणं मला सर्वांत अवघड गेलं. सहा वर्षांचा किंवा त्याहून मोठा घोडा एका हातानं चालवावा लागतो, मधेच हात बदलता येत नाही. माझा डावा हात घाबरला की छातीपर्यंत वर यायचा. गुळ्या तोंड उघडायचा, हनुवटी छातीला लावायचा, आणि त्याचेही गुण जायचे. उलट लगाम लोंबकळत सोडला तरी ते चूकच. हलका संपर्क हवा, हातातल्या लहान मुलाच्या बोटासारखा.

उपाय शोधायला वर्ष लागलं. वळणाच्या आधी मी मोठ्यानं श्वास सोडते आणि पाठीचा खालचा भाग खोगिरात टेकवते. बास. आधी तीन-चार वेळा त्यानं ऐकलंच नाही; तेव्हा त्याला गोल फिरवून पुन्हा तेच केलं. आता मी शिंकले तरी तो हळू होतो, हा जरा त्रासच आहे.

4. हट्टी म्हणण्याआधी पाय दाखवा.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात गुळ्या डाव्या लोपला, म्हणजे डावा पाय पुढे ठेवून लोप करताना, कान मागे टाकायला लागला. शेपूट झटकायचा, एकदा लाथही झाडली. तबेल्यात प्रत्येकाचं मत तयार होतं. लाडावलाय, काठी दाखव, लगामाची दुसरी कडी घाल. मीही दोन आठवडे त्याच्याशी भांडले. त्या दोन आठवड्यांची मला अजून लाज वाटते.

पशुवैद्यानं एक्स-रे काढला. मागच्या उजव्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे आपल्याला उलटा गुडघा वाटतो त्या सांध्यात, संधिवाताची सुरुवात होती. मग सगळं जुळलं. डाव्या लोपचं पहिलं पाऊल मागच्या उजव्या पायावर पडतं. त्या क्षणी सगळा भार त्या एका सांध्यावर येतो. माझं पाचशे किलोचं जनावर मला महिनाभर सांगत होतं, की इथे दुखतंय. सांध्यात इंजेक्शनं दिली, काही दिवस विश्रांती, मग हळूहळू काम. कान पुन्हा पुढे आले.

माझे आजोबा साताऱ्यात टांगा चालवायचे. रोज सकाळी जुंपण्याआधी ते घोडीच्या पाठीवरून, मग एकेका पायावरून तळहात फिरवायचे. मला लहानपणी वाटायचं, ते तिला कुरवाळतायत. ते ऊब तपासत होते. सुजलेला सांधा हाताला गरम लागतो. आता खरारा झाला की मीही तेच करते. खोगीर काढल्यावर घामाचा डागही बघते. मध्ये कोरडी जागा राहिली म्हणजे तिथे खोगीर दाबतंय.

5. सामानावर खर्च करू नका.

मी चांदीच्या पट्ट्यांचं खोगीर आणि खुरांचं काळं पॉलिश घेऊन गेले होते. या स्पर्धेत खुरांना पॉलिश लावायचं नाही, आयाळीची वेणी घालायची नाही, आणि चांदीला कामाच्या स्वच्छ सामानापेक्षा जास्त किंमत नाही. खोगीर मी विकलं. पॉलिशची डबी अजून पडून आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

6. पॅटर्न तुम्ही पाठ करा, घोड्याला पाठ करू देऊ नका.

घोड्याची स्मरणशक्ती चांगली असते. मी घरी अख्खा पॅटर्न रोज घोकला, तर गुळ्या थांबायच्या जागेच्या तीन ढांगा आधीच थांबायला लागला, आणि थांबला की लगेच मागे सरकायला. आता पॅटर्न मी एकटी पायी करते, स्वयंपाकघरातसुद्धा. नवरा बाजूला सरकून वाट देतो. गुळ्याबरोबर तुकडे करते, उलटसुलट क्रमानं. थांबल्यावर दहापैकी आठ वेळा नुसती उभी राहते. लोपमधला पुढचा पाय डाव्याचा उजवा करायचा असेल तिथे मी अजून साधाच बदल करते, मध्ये ट्रॉटची दोन-तीन पावलं टाकून. लोप न मोडता केलेला उडता बदल दिसतो छान, पण फसला की महाग पडतो.

7. ओंडक्यांची मापं टेपनं मोजा.

चालीसाठी अंतर 20 ते 24 इंच, ट्रॉटसाठी 3 ते साडेतीन फूट, लोपसाठी 6 ते 7 फूट. नजरेनं मांडले की चुकतात, आणि मग दोष घोड्याला. बाकी या विषयात फार काही नाही. ओंडक्याकडे बघू नका, पलीकडे बघा.

8. स्वारालाही ट्रेनिंग लागतं.

माझी पहिली घोडेस्वारी माथेरानची, लगाम मोतद्दाराच्या हातात. त्या अनुभवावर मी पन्नाशीत रिकिबीत पाय घातला. सोळा किलोचं खोगीर घोड्याच्या पाठीवर चढवायचं म्हणजेच अर्धा व्यायाम. मांड पक्की व्हायला दीड वर्ष गेलं, आणि त्याला मांड्या आवळण्यापेक्षा पोटाचे स्नायू जास्त लागतात हे उशिरा कळलं. ऑगस्टात पहाटे साडेपाचला सराव, आठनंतर घोडा सावलीत. गणपतीत मंडळातले लोक विचारतात, रेसला लावता का घोडा? एकांनी पोलोचं तिकीट मागितलं. मी मोदक खाते.

गेल्या वसंतात 71.5 मिळाले, पाचवी आले. आईला सांगितलं. ती म्हणाली, साडेसातनं वाढले म्हणजे अभ्यास केलास. रात्री ट्रेलरमधून उतरवून गुळ्याला धुतला, तर तो खालचा ओठ लोंबकळत सोडून उभ्या उभ्या झोपला.

येत्या शनिवारी पुन्हा कुरणात जायचंय. पश्चिमेकडची तार सैल झालीय, आणि शेतकऱ्यानं अंडी ठेवलीयत म्हणून निरोप आलाय.