छतावरच्या उन्हातून बिटकॉइन निघेल का?

प्रश्न : आम्ही मूळचे अकोल्याचे, नोकरीमुळे नोएडात स्वतंत्र घरात राहतो. छतावर ‘सूर्यघर’ योजनेतून 3 किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले आहेत. मुलगा म्हणतो, ऊन फुकटचे आहे, तर बिटकॉइन मायनिंगचे छोटे यंत्र लावू. हे जमेल का आणि परवडेल का?
– एक वाचक, नोएडा

उत्तर : जमेल, पण परवडणार नाही. भारतात मायनिंगवर बंदी नाही, यंत्रेही मिळतात. अडचण हिशेबात आहे, आणि तो तुमच्या मुलाने स्वतः मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते.

मायनिंग म्हणजे जगभरातल्या यंत्रांची आकडे शोधण्याची अखंड शर्यत. साधारण दर दहा मिनिटांनी एक विजेता ठरतो आणि एप्रिल 2024 पासून त्याला 3.125 बिटकॉइन मिळतात. एकट्याने जिंकणे दुरापास्त, म्हणून लोक ‘पूल’ करून आपापल्या ताकदीच्या प्रमाणात वाटा घेतात. 2025 मध्ये या साऱ्या यंत्रांनी मिळून सेकंदाला सुमारे 1,000 एक्साहॅशचा टप्पा गाठला. ॲन्टमायनर एस21 हे घरात मावणारे यंत्र त्यात 200 टेराहॅशची भर घालते, म्हणजे पन्नास लाखांतला एक वाटा. त्यासाठी ते साडेतीन किलोवॉट वीज ओढते. दिवसभर चालवले तर 84 युनिट लागतात. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, तेव्हा या एका ‘छोट्या’ यंत्रासाठी 21 किलोवॉटचे पॅनेल आणि दोन हजार चौरस फुटांहून अधिक मोकळे छत हवे.

तुमच्या 3 किलोवॉटमधून रोज 12 युनिट मिळतात. नेट मीटरच्या आधाराने तेवढ्यात यंत्र साधारण साडेतीन तास चालेल. एका बिटकॉइनचा भाव 80 लाख रुपये धरला, तर दिवसाची कमाई शंभर रुपयांच्या आसपास होते. त्यावर 30 टक्के कर आणि वर उपकर. हातात सत्तर रुपये उरतात. एप्रिल 2022 पासूनच्या या करनियमात यंत्राचा किंवा विजेचा खर्च वजा करता येत नाही. अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी मार्च 2022 मध्ये लोकसभेत हे स्पष्ट केले होते.

आता तीच 12 युनिटे घरात वापरा. उत्तर प्रदेशात शहरी घरगुती विजेचा वरचा दर युनिटला सुमारे साडेसहा रुपये आहे. म्हणजे दिवसाला 78 रुपये बिलातून वाचतात, तेही करमुक्त आणि एकही यंत्र विकत न घेता. ऊन फुकटचे असले तरी त्यातून तयार झालेली वीज फुकटची नसते. तिची किंमत म्हणजे तिने तुमचे वाचवलेले बिल. मुलाच्या हिशेबातून नेमकी हीच रक्कम सुटली आहे.

दुपारची वीज खरोखरच उरत असेल, तर गणित थोडे बदलते, कारण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना ग्रिडकडून फार कमी भाव मिळतो. पण दिवसाला सत्तर रुपये म्हणजे वर्षाला पंचवीस हजार, आणि यंत्राची किंमत लाखांत. 2028 च्या सुमारास बक्षीस पुन्हा निम्मे होणार आहे. पैसे वसूल होण्याआधी यंत्र जुने होईल. शिवाय एसी लावणाऱ्या नोएडातल्या घरात मे-जूनमध्ये कसली वीज उरते?

हवामानही साथ देत नाही. दिल्लीवरच्या प्रदूषित धुरक्यामुळे पॅनेलपर्यंत पोचणारे ऊन सुमारे 12 टक्क्यांनी घटते, असे 2018 च्या एका अभ्यासात दिसले होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, आणि हे यंत्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता म्हणून खोलीत सोडते. पंख्यांचा आवाज सुमारे 75 डेसिबल, म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे सतत मिक्सर चालू ठेवल्यासारखे. मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, आणि घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणे वीज कायद्याच्या कलम 126 खाली अडचणीत आणू शकते. जुनी ग्राफिक्स कार्डे वापरून इथेरियम काढण्याचा पर्याय सप्टेंबर 2022 मध्येच संपला. त्या नेटवर्कने मायनिंगची पद्धतच सोडली.

‘यंत्र आमच्याकडे ठेवा, दरमहा परतावा घ्या’ असे कोणी म्हणाले, तर थेट नाही म्हणा. ‘गेनबिटकॉइन’ने क्लाउड मायनिंगच्या नावाखाली अठरा महिने दरमहा दहा टक्क्यांचे आमिष दाखवले होते. त्याचा सूत्रधार अमित भारद्वाज याला 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले. अनेक मराठी घरांची बचत त्यात बुडाली. घरचे यंत्र तोट्याचे असले तरी निदान डोळ्यांसमोर असते.

तरीही मुलाचे कुतूहल मोडू नका. ‘बिटॲक्स’ नावाचे खुल्या आराखड्याचे छोटे यंत्र अवघ्या 15 ते 18 वॉटवर चालते. शंभर वॉटचे स्वतंत्र पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि 12 व्होल्टची बॅटरी घेतली, तर ते दिवसा सहज चालेल; मात्र त्याला 5 व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवा. आजच्या स्पर्धेत त्याला एकट्याने बक्षीस जिंकायला सरासरी सुमारे सोळा हजार वर्षे लागतील, तेव्हा कमाईची अपेक्षा ठेवू नका. पण पॅनेल किती व्होल्ट देते, ढग आला की काय होते, बॅटरी किती टिकते आणि हॅश म्हणजे काय, हे त्याला स्वतःच्या हाताने कळेल. एवढा खर्च मी आनंदाने करायला सांगेन. छतावरचे 3 किलोवॉट मात्र घरच्या पंख्यांना आणि फ्रिजलाच राहू द्या.