समुपदेशनाचा खर्च: पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी कसा बसवायचा?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला वहीचं शेवटचं पान दाखवलं. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, आणि सगळ्यांत खाली ‘मॅडम १५००’. त्यावर काट मारलेली. समुपदेशक मॅडमकडे ती एकदा गेली, मोकळं वाटलं, पण पुढच्या पंधराशेची सोय नव्हती म्हणून तिथेच थांबली.

अशी एका भेटीत तुटलेली मुलं पाहिली की जीव तुटतो. पहिल्या भेटीत जेमतेम ओळख होते, खरं काम पुढे सुरू होतं. म्हणून खासगीत जाणार असाल तर एका सेशनची फी पाहू नका, निदान सहा सेशनची बेरीज करा. पुण्यात एका सेशनला साधारण हजार ते दोन हजार रुपये पडतात. म्हणजे सहा ते बारा हजार. एवढं झेपणार नसेल तर सुरुवात दुसरीकडून करा.

सगळ्यांत सोपी सुरुवात म्हणजे १४४१६. केंद्र सरकारची ही ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. पुण्यातल्या ‘कनेक्टिंग’ संस्थेचे स्वयंसेवकही फोनवर विनामूल्य ऐकून घेतात. अडचण वेगळीच असते: चार कॉटच्या खोलीत बोलायचं कुठे? त्या मुलीने गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून फोन केला होता. ऑनलाइन सेशन घेणाऱ्यांनीही ही जागा आधी हेरून ठेवावी, नाहीतर भरलेली फी वाया जाते.

कॉलेजात समुपदेशक आहे का, हे ऑफिसात विचाराच. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. ‘एचओडींना कळेल’ ही भीती मुलांना फार असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क देतो. तरी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: माझं बोलणं कोणाला सांगणार, कधी सांगणार?

झोप उडाली, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठवत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. औषध तेच लिहून देऊ शकतात, समुपदेशक नाही. पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, खर्च खासगीच्या मानाने अगदी थोडा. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस मोकळा ठेवा, जुना केसपेपर जपा. गर्दीमुळे डॉक्टरांना वेळ कमी मिळतो, म्हणून त्रास कधीपासून आहे ते कागदावर लिहून न्या. येरवडा म्हटलं की घरचे दचकतात, पण तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून त्याच दिवशी परत येता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ही सवलत तिथे धरून चालू नका.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिली स्ट्रिप संपली आणि फरक नाही म्हणून बंद करू नका. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा, बिल बरंच उतरतं. घरच्या आरोग्यविम्यावर मात्र विसंबू नका: कायद्याने मानसिक आजारालाही संरक्षण आहे, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत.

खासगी समुपदेशकाला फोनवर चार गोष्टी आधीच विचारा: शिक्षण काय, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात का, आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, अनेक जण फी कमी करतात. त्या मुलीनेही नंतर विचारलं. आता ती पंधरवड्यातून एकदा जाते, पाचशेत.

जगणं नको असं वाटत असेल तर यातला कुठलाही हिशेब करत बसू नका. लगेच १४४१६ किंवा ११२ लावा, आणि शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला उठवा.