आधी नाक, मग नाव

हे बघ, पहिल्या पगारातून चांगल्या ब्रँडचा चष्मा घ्यायचं तू ठरवलंस, ते मला मनापासून आवडलं. एवढे पैसे चष्म्यावर कशाला, असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नकोस. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत जी वस्तू तुझ्या नाकावर बसणार आहे, ती नीटच हवी. फक्त दुकानाची पायरी चढण्याआधी माझं थोडं ऐकून घे.

नंबर आधी तपासून घे. तुझा कागद जुना झालाय, आणि जुन्या नंबरावर महागडी काच घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तपासणी झाली की पीडी विचार आणि त्याच कागदावर लिहून घे. पीडी म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. ते बहुतेक वेळा आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही, आणि फ्रेम निवडताना मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. का ते सांगते.

कुठल्याही फ्रेमच्या दांडीवर आतून बारीक आकडे छापलेले असतात. समज, ५४, १८, १४०. म्हणजे एका काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर १८ आणि दांडीची लांबी १४०. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज कर, ७२. तुझी पीडी ६२ धरली तर फरक १० चा, म्हणजे दर डोळ्याला ५ मिलिमीटर. तुझी काच मायनस पाचची. मायनसची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. तिचं केंद्र तुझ्या बाहुलीसमोर यावं म्हणून चष्मेवाला ते ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवणार, आणि मग कानाकडची कड जाडजूड होऊन फ्रेमबाहेर डोकावणार. तीच बेरीज ६६ ची असलेली फ्रेम घेतलीस, ४६ आणि २० ची म्हण, तर सरकवायचे फक्त २ मिलिमीटर. काच आपोआप पातळ, चष्मा हलका. जाहिरातीतल्या मुलीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेली फ्रेम सुंदर दिसते खरी, पण तिच्या फ्रेममध्ये नंबरच नसतो गं! तुला छोटी, गोलसर फ्रेम शोभेलही आणि सोसेलही.

दुसरी गोष्ट नाकाची. आपल्या घरातलं नाक डोळ्यांमध्ये बसकं, हे तुला माहीतच आहे. बऱ्याच युरोपीय ब्रँडच्या जाड अॅसिटेट फ्रेमना नाकाच्या गाद्या वेगळ्या नसतात, त्या फ्रेममधूनच कोरलेल्या असतात, त्याही उंच, अरुंद नाकाच्या मापाने. अशी फ्रेम आपल्या नाकावरून घसरते आणि गालांवर टेकते. म्हणून आरशासमोर गंभीर चेहरा करून उभी राहू नकोस, मोकळेपणाने हस. हसताना फ्रेम वर उचलली गेली, तर ती तुझी नाही. मान खाली घालून बघ, पापण्या काचेला लागतात का तेही बघ. बसक्या नाकासाठी मोठ्या गाद्यांची 'लो ब्रिज फिट' मॉडेल्स मिळतात, ती मागून घे, किंवा वाकवता येणाऱ्या गाद्यांची धातूची फ्रेम घे. नेहमीच्या धातूने तुझ्या कानामागे पुरळ येतं ना? मग टायटॅनियमच घे, त्यावर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

नावाचं म्हणशील, तर एवढंच लक्षात ठेव. इटलीत आगोर्दो गावी लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ साली लक्सोटिका सुरू केली. आज रे-बॅन आणि ओकली हे तिचे स्वतःचे ब्रँड आहेत, आणि प्राडा, व्हर्साचे यांसारख्या फॅशनघरांच्या नावाचे चष्मेही तीच परवान्यावर बनवते. तेव्हा नुसत्या नावापायी दुप्पट पैसे मोजू नकोस. बिजागरी घट्ट आहे का बघ. दांड्या उघडून चष्मा टेबलावर ठेव, डुगडुगला तर सरळ करून माग.

वाचलेले पैसे काचेवर घाल. इंडेक्सचा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ; १.६० किंवा १.६७ इंडेक्सची काच तुझ्या नंबराला छोट्या फ्रेममध्ये पुरेशी आहे, दुकानदाराने १.७४ चा आग्रह धरला तर नको म्हण. चकाकी रोखणारं अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग मात्र हवंच, कारण इंडेक्स जितका जास्त तितकी काच जास्त चमकते. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेला जादा पैसे देऊ नकोस. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचेने कमी होतो असं काही दिसलं नाही.

आता निगेचं. हे मी तुला बजावूनच सांगणार आहे, कारण तुझी ओढणी मला माहीत आहे. कोरड्या काचेवर ओढणी फिरवलीस की धुळीचे कण कोटिंगवर घासले जातात. आधी नळाच्या गार पाण्याखाली धर, मग भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन काचा, गाद्या, दांड्या हळूच चोळ, धुऊन टाक आणि मऊ मायक्रोफायबरने टिपून घे. ते फडकंही अधूनमधून धुवायचं. गरम पाणी अजिबात नको. उष्णतेने काच आणि तिच्यावरचं कोटिंग वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात, आणि कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात. त्या मग जात नाहीत. म्हणून मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवायचा नाही, आणि ओव्हन उघडताना तोंड लांब ठेवायचं.

अॅसिटेटची फ्रेम घेतलीस तर केसांना तेल किंवा मेंदी लावताना ती काढून ठेव. नखांचं पॉलिश काढायचं अॅसिटोन तिच्या जवळपासही आणू नकोस, अॅसिटेट त्यात विरघळतं. चष्मा दोन्ही हातांनी काढ. डोक्यावर केसांत खोचून ठेवलास की दांड्या फाकतात, आणि मग घसरतो म्हणून कुरकुर तूच करणार.

चष्मा हातात आला की तिथेच दुकानात मशीनवर नंबर आणि केंद्रं कागदाशी ताडून दाखवायला सांग. बिनधास्त सांग, तो तुझा हक्क आहे. दोन-चार दिवस जमीन वरखाली भासेल, नवीन नंबराला तसं होतं. आठवडा उलटूनही डोकं दुखत राहिलं तर अंगावर काढू नकोस, चष्मा आणि कागद घेऊन परत जा. आणि जुना चष्मा टाकू नकोस, डबीत घालून ऑफिसच्या खणात ठेव.