मुलांचे मोबाईलवरील खेळ आणि घरातील नियोजन

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाकरिता म्हणून अनेक शेतकरी कुटुंबांत पहिला स्मार्टफोन आला. पुढे शाळा सुरू झाल्या, परंतु मोबाईल मुलांच्या हातातून सुटला नाही. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, पीक विम्याचा संदेश आणि बँकेचा व्यवहार ज्या मोबाईलवर चालतो, त्याच मोबाईलवर संध्याकाळी मुले खेळतात किंवा दुसऱ्या कोणाचा खेळ थेट प्रक्षेपणात पाहत बसतात. मेळाव्यात वाणाची चौकशी झाल्यावर जरा बाजूला घेऊन विचारला जाणारा प्रश्न हल्ली बहुधा हाच असतो. मोबाईल काढून घेणे हा पहिला सुचणारा उपाय आहे. तो फार दिवस टिकत नाही, कारण मोबाईल घरालाच लागतो. तेव्हा खेळण्याला वळण लावणे व पिकाचा पैसा खेळापासून दूर ठेवणे, या दोन बाबींकडे प्रामुख्याने लक्ष द्यावे.

खेळाची रचना

पब्जी मोबाईल या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याच धर्तीचा बीजीएमआय हा खेळ २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या नेहमीच्या डावात १०० पर्यंत खेळाडू असतात, चौघांचा एक संघ असतो व पूर्ण डावास सुमारे अर्धा तास लागतो. फ्री फायर मॅक्सचा डाव साधारण ५० खेळाडूंचा व दहा-पंधरा मिनिटांचा असतो. हे डाव मध्येच थांबवून ठेवता येत नाहीत. "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटल्यावर मुलगा चिडतो, याचे कारण प्रत्येक वेळी उद्धटपणा नसून मागे राहिलेले तीन सोबती हेही असते. म्हणून खेळण्याची मर्यादा मिनिटांत न सांगता डावांत सांगावी. बीजीएमआयचा एक किंवा फ्री फायरचे दोन डाव, असे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवावे.

पाहण्याचे मात्र उलट आहे. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते, त्यामुळे त्याला शेवटच नाही. येथे घड्याळच हवे. आपोआप पुढची चित्रफीत लावणारी सोय यूट्यूबमध्ये बंद करता येते, ती बंद करावी. दोन वर्षांच्या आतील बालकास पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षे वयापर्यंत तो दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले आहे. जेवण भरविताना मोबाईल समोर धरण्याची पद्धत या दृष्टीने घातकच म्हणावी लागेल.

किती झाले म्हणजे जास्त?

कपाशीत गुलाबी बोंडअळीचा एखादा पतंग दिसला म्हणून आपण फवारणी करीत नाही. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री सरासरी ८ पतंग सापडले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतो. मुलांच्या बाबतीतही निरीक्षण आधी आणि उपाय नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे चित्र साधारण १२ महिने टिकलेले असावे. तीव्रता फार असेल तर त्याआधीही निदान होऊ शकते. संध्याकाळी तासभर खेळून वेळेवर झोपणारा, शाळेत जाणारा व मैदानावर दिसणारा मुलगा आजारी नव्हे. झोप, जेवण, शाळा, मित्र आणि खरे बोलणे या पाच गोष्टींची पंधरा दिवस वहीत नोंद ठेवावी, म्हणजे रागाच्या भरात निर्णय होणार नाही.

शिक्षा म्हणून मुलास निंदणीला किंवा शेण काढायला पाठविण्याची प्रथा काही घरांत दिसते. ती टाळावी. शेती ही शिक्षा आहे हा धडा मुले फार लवकर शिकतात.

पैशाची बाजू

नोकरदाराचा पैसा गेला तर पुढच्या महिन्यात पगार येतो. आपल्याकडे कापूस, सोयाबीन वा उसाचे बिल वर्षातून एक-दोनदा जमा होते आणि त्यातूनच पुढची पेरणी व्हायची असते. खेळ फुकट असला तरी त्यातील पोशाख, बंदुकांची रंगरूपे, 'डायमंड' किंवा 'यूसी' रुपये देऊन घ्यावे लागतात. रक्कम लहान, पण वारंवार. पिन मुलाला ठाऊक असतो, कारण कृषी सेवा केंद्रात पैसे देताना आपणच मोबाईल त्याच्या हाती देतो.

यासाठी दोन बँक खाती ठेवणे सर्वांत खात्रीचे. पिकाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, ते यूपीआयला जोडूच नये व त्याचे डेबिट कार्ड कुलपात ठेवावे. किरकोळ व्यवहाराच्या दुसऱ्या खात्यात आठवड्याच्या गरजेपुरतीच रक्कम असावी. यूपीआय लाइटमध्ये ठेवलेले पैसे पिनशिवाय खर्च होतात, हे पुष्कळांना माहीत नसते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीस पासवर्ड विचारण्याची व्यवस्था आहे, ती चालू करावी. बँकेचा संदेश पुसून टाकता येतो. म्हणून महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे.

पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर, मग तो पत्त्यांचा असो वा क्रिकेटचा संघ निवडण्याचा, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यांच्या जाहिरातींनाही त्यात मनाई आहे. शिक्षा खेळ चालविणाऱ्यास व जाहिरात करणाऱ्यास आहे, नुसत्या खेळणाऱ्यास नाही. ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगावी, म्हणजे फसल्यावर तो भीतीने लपविणार नाही. अधिक फसतात ती लपविणारी मुले.

हंगामातील अडचण

ठरविलेले नियम मोडतात ते वेचणीच्या दिवसांत आणि रात्रपाळीच्या विजेच्या आठवड्यात. रात्री पाणी भरून आलेले वडील सकाळी झोपतात व मोबाईल मुलाकडे जातो. अशा आठवड्यात मोबाईल आजीकडे किंवा आईकडे राहील, हे आधीच बोलून ठेवावे. रात्री चार्जिंग मुलाच्या अंथरुणाजवळ न करता स्वयंपाकघरात करावे. वडिलधाऱ्यांचाही मोबाईल तेथेच असावा. नाहीतर नियमाला किंमत राहत नाही.

प्ले स्टोअरवरून मुलाकडून न विचारता खरेदी झाल्यास ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परताव्याची मागणी करावी. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे व बँकेलाही सांगावे. झोप, शाळा व जेवण तिन्ही बिघडली असतील तर टेलिमानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. तेथे मराठीतून सल्ला मिळतो.