दुखण्याआधीची काळजी, संसाराची खरी बचत



पाऊस लागायच्या आधी आपण भात खाचरांचे बांध नीट करतो. दोन दिवस फावडे चालवले की ऐन पावसात बांध टिकतो. नाही चालवले आणि बांध फुटला, तर रोप जाते, माती जाते, वर पुन्हा मजूर लावावे लागतात. शेतीतले हे शहाणपण आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग घरच्या माणसाच्या बाबतीत दुखणे अंगावर येईपर्यंत आपण का थांबतो?

दुखण्याचा हिशेब मांडा

दुखणे आले की आपण फक्त औषधाचे पैसे मोजतो. बाकीचा खर्च कुणी मोजत नाही. गाडीभाडे, सोबत गेलेले माणूस, दोघांचा बुडालेला रोज, घरी राहिलेली पोरे आणि जनावरे, आणि शेवटी उसन्या पैशाचे व्याज. भात लावणीच्या दिवसांत घरची बाई अंथरुणाला खिळली, तर सगळ्या घराचे काम अडते.

आता दुसरी बाजू पाहा. गरोदरपणातील तपासणी, लोहाच्या गोळ्या, बाळाच्या लसी आणि कुटुंब नियोजनाची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आपले जातात ते वर्षातले थोडे दिवस.

गडचिरोलीने काय दाखवले?

"हे बोलायला ठीक आहे," असे कुणी म्हणेल. म्हणून आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली. त्यासाठी मोठे हॉस्पिटल बांधले नाही. गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कसे द्यायचे, हे त्या शिकल्या.

तिसऱ्या वर्षी, शेजारच्या गावांशी तुलना करता, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. खर्च आला दर बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण दोनशे रुपये. दर १८ बाळांची काळजी घेतली तेव्हा एक मृत्यू टळला. गुणाकार करून पाहा: साधारण साडेतीन हजार रुपयांत एक जीव! या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत हेच काम सुरू झाले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. घरीच बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ त्यांना पाहू द्या, वजन करू द्या.

"आम्ही कुठे गेलो होतो दवाखान्यात?"

घरातली वडीलधारी माणसे असे म्हणतात. त्यांचा मान ठेवूनच आजीला एक प्रश्न विचारा: "आजी, तुमची बाळंतपणे किती झाली, आणि हाती लागली किती?" बऱ्याच घरांत या दोन आकड्यांत फरक निघेल. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. यात लसीचा, तपासणीचा आणि सुरक्षित बाळंतपणाचा मोठा वाटा आहे.

दोन बाळांत अंतर

रोपे दाटीने लावली की एकही जोमाने वाढत नाही, हे आपण जाणतो. बाळंतपणात आईच्या अंगातले रक्त कमी होते. ते भरून यायच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर आई अशक्त होते आणि पोटातल्या बाळाचे वजन कमी भरते. अंगावर पिणाऱ्या लेकराचेही हाल होतात. म्हणून एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा होईपर्यंत निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. म्हणजे दोन मुलांच्या वयात जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडते.

त्यासाठी साधने अशी:

१. निरोध – पुरुषांसाठी, वापरायला सोपा.
२. तांबी – एकदा बसवली की दहा वर्षांपर्यंत चालणारी मिळते. काढल्यावर पुन्हा दिवस राहू शकतात.
३. अंतरा इंजेक्शन – दर तीन महिन्यांनी.
४. छाया गोळी – पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.
५. मुले पुरेशी झाली असतील तर कायमची शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रिया बाईनेच करावी असा नियम नाही. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद कमी होत नाही, पुरुषत्वही जात नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग तपासणी करून खात्री करावी.

आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, झालेल्या सक्तीमुळे अनेकांच्या मनात भीती बसली. आज कोणतीही सक्ती नाही. कोणते साधन घ्यायचे आणि कधी, हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचे. कोणते साधन आपल्या प्रकृतीला चालेल, हे डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा.

एवढे लक्षात ठेवा

- पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा. गरोदरपणात निदान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते.
- चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, अशा १८० गोळ्या घ्या. चहाबरोबर घेऊ नका. शौचास काळे झाले तर घाबरू नका, गोळी सोडू नका.
- बाळाला जन्मल्यावर, मग ६, १०, १४ आठवड्यांनी आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर लस द्या. दुसऱ्या वर्षातले डोस विसरू नका.
- पावसाळ्यात पाणी उकळून प्या. लेकराला जुलाब झाले तर ओआरएस पाजा आणि १४ दिवस झिंकची गोळी द्या. अंगावर पीत असेल तर पाजणे सुरूच ठेवा. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

आज रात्री जेवणे झाली की दोघे मिळून बसा. बाळाचे लसीचे कार्ड काढा आणि पुढची तारीख पाहा. पुढचे मूल कधी हवे, हवे की नको, हेही बोलून ठरवा. आणि आशाताई दारी आल्या की मनातले प्रश्न मोकळेपणाने विचारा.