ऑम्नीखालचा तेलाचा डाग

प्रश्न : माझ्या २००४ सालच्या मारुती ऑम्नीखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एवढ्यात नको. तेल वरून ओघळतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. आधी डिपस्टिकवर पातळी बघून घ्या. मग पुढची सीट उचलून थंड इंजिन डिझेल-ब्रशने स्वच्छ करा, डिझेल पूर्ण सुकू द्या आणि संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. हातखंब्यापर्यंत चक्कर मारून या. पावडर सर्वांत वर जिथे ओली झाली, तिथे गळती.

बहुतेकदा टॅपेट कव्हरचं गॅस्केट कडक झालेलं असतं. ते स्वस्तात बदलतं. बोल्ट मात्र जास्त आवळू नका, कव्हर वाकतं. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. तो तुंबला की इंजिनात दाब वाढतो आणि नवं गॅस्केटही गळू लागतं.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राचा, पत्रा गंजतो. तो झिरपत असेल तर एम-सील लावण्यापेक्षा सम्पच बदला. तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून येत असेल, तर मागचं क्रँक सील संशयित. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गळती थोडी असेल तर पातळी सांभाळत थांबा आणि क्लच प्लेट बदलताना सील टाकून घ्या. मात्र तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर येत असेल, तर गाडी लगेच दुरुस्तीला न्या. आगीचा धोका असतो.